ऐकवणाऱ्यांची संस्था

जुन्या तबकड्या जमवणारा माणूस स्वभावानं एकांडा. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर गठ्ठे उपसणारे लोक एकमेकांना चेहऱ्यानं ओळखायचे, पण बोलायचे नाहीत. हाती लागलेली चीज शेजारच्याच्या नजरेस पडू नये म्हणून लेबल छातीकडे करून धरायची, ही त्यांची सवय. त्यात लबाडी नव्हती, भीती होती. आपल्याला काय हवंय हे दुकानदाराला कळलं की तो भाव चढवणार. आपल्याकडे काय आहे हे इतरांना कळलं की मागणारे दारात उभे राहणार, आणि उसनी गेलेली तबकडी एक तर चिरून परत येणार, नाही तर येणारच नाही. त्यापेक्षा कपाटाला कुलूप बरं. घरच्यांना त्या खरखरीत काडीचाही रस नाही, त्यामुळे ऐकायला आपण एकटेच.

अशा माणसांनी १९९० साली मुंबईत एकत्र येऊन ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. तिचा इतिहास लिहायचा म्हणजे ही कुलपं कशी उघडत गेली ते सांगायचं, असं मी मानतो. स्मरणिकेतल्या इतिहासात ठराव, निवडणुका, वार्षिक सभा यांचा तपशील असतो. तो कार्यालयाच्या दप्तरात आहे आणि तिथं तो सुखरूप आहे.

तसं पाहिलं तर ग्रामोफोन आपल्याकडे रुजला तो चारचौघांत ऐकण्यासाठीच. अख्ख्या आळीत एखाद्याकडेच कर्ण्याचा फोनो असायचा आणि त्याला चावी दिली की ओसरीवर मंडळी जमायची. हॉटेलवाले गिऱ्हाईक टिकावं म्हणून प्लेटी लावायचे. गदगला लहानग्या भीमसेन जोशींच्या कानी अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ पडली तीही अशीच, दुसऱ्या कुणी तरी लावलेली. त्या गाण्यानं मुलाला घरात राहू दिलं नाही, तो गुरूच्या शोधात निघाला. बेळगावकडचा शिवपुत्र कोमकळी हा मुलगा तर तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं गळ्यातून काढायचा. पुढे त्यालाच आपण कुमार गंधर्व म्हणून ओळखलं. या दोन्ही मुलांच्या आयुष्यात कुणी तरी अनोळखी माणूस होता, ज्यानं तबकडी लावली. त्याचं नाव कुठं नोंदलेलं नाही. आपली संस्था अशा माणसांचीच आहे.

हे चारचौघांतलं ऐकणं पुढे हळूहळू ओसरलं. रेडिओ घरोघरी गेला, लाँग प्ले आल्या, मग कॅसेट आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे ७८ गतीच्या तबकड्यांचं उत्पादन थांबलं. वाडे पडले, फ्लॅट आले, आणि माळ्यावरचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे जाऊ लागले. लाखेच्या तबकडीला वजन फार आणि ती ठिसूळही. एक गठ्ठा हातातून निसटला की दहा-बारा गाणी गेलीच म्हणायची. ऐंशीच्या दशकात जे लोक हे गठ्ठे वाचवत फिरत होते, त्यांना आपल्यासारखी आणखी माणसं नेमकी कुठं आहेत याचा पत्ता नव्हता.

तो पत्ता लागायला निमित्त झाले ऑस्ट्रेलियाचे मायकेल किन्नियर. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या तबकड्यांची त्यांची सूची १९८५ साली ग्रंथरूपानं आली. कोणत्या कलाकारानं कोणत्या कंपनीसाठी कोणता राग गायला, तबकडीचा क्रमांक काय, ही माहिती त्यांनी वर्षानुवर्षं चिकाटीनं गोळा केली होती. आपल्या गायकांचा हा हिशेब सातासमुद्रापलीकडच्या माणसानं मांडावा, याचं त्या वेळी अनेकांना नवल वाटलं. मला त्याबद्दल फक्त कृतज्ञता वाटते. सूची करणारा माणूस एकटा पुरा पडत नाही. त्याला कपाटं उघडणारी माणसं लागतात, आणि त्यासाठी त्या माणसांना आधी एकत्र आणावं लागतं. किन्नियर यांच्या मदतीनं मुंबईतले संग्राहक जमले आणि संस्था उभी राहिली. अध्यक्ष नारायण मुलानी आणि मानद सचिव सुरेश चांदवणकर ही नावं पुढे या कामाशी कायमची जोडली गेली. चांदवणकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, भौतिकशास्त्राचे. मोजलेलं लिहून ठेवायचं आणि लिहिलेलं दुसऱ्याला तपासू द्यायचं, ही प्रयोगशाळेतली शिस्त त्यांनी छंदाला लावली. संस्थेचा उद्देशही साधाच ठेवला होता : संग्राहक आणि अभ्यासक यांची गाठ घालून द्यायची, ऐकण्याच्या बैठका घ्यायच्या, आणि जे कळेल ते छापायचं.

बैठक म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. मध्ये टेबलावर चावीचा ग्रामोफोन. तबकडी कागदी पाकिटातून काढताना फक्त कडेला आणि लेबलाला हात लावायचा. मऊ फडक्यानं, खाचांच्याच दिशेनं, गोलाकार पुसायची. चावी पुरती द्यायची, कारण मध्येच जोर संपला की गायकाचा आवाज खाली घसरत जातो. पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवी. या तबकड्यांत लाखेबरोबर दगडाची भुकटी मिसळलेली असते, ती पिनेला घासून खाचेच्या मापाची करते. म्हणून एकदा वाजलेली पिन दुसऱ्या बाजूला लावली तर ती खाच ओरबाडते. नवख्या माणसाला पिनेची ही उधळपट्टी वाटते, मग जाणती मंडळी त्याला भिंगाखाली झिजलेली पिन दाखवतात. साउंड बॉक्स अलगद टेकवायचा. आधी नुसती खरखर, मग तिच्यातून तंबोरा किंवा पेटी, आणि मग गळा.

गौहर जानची तबकडी लागली की सगळे शेवटाची वाट पाहतात. गेस्बर्ग नावाचा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीतर्फे १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात आला, तेव्हा त्यानं मुद्रित केलेल्या आवाजांत गौहर जान होती. मेणावरचं ते मुद्रण जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तिथल्या कारखान्यात त्याच्या तबकड्या निघत. तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं हे कळावं आणि लेबल बरोबर चिकटावं, म्हणून गाणं संपताच कलाकारानं स्वतःचं नाव पुकारायचं अशी रीत पडली. तीन मिनिटांत खयाल आटोपून, श्वासही न घेता, गौहर जान ठसक्यात इंग्रजीत आपलं नाव सांगते. शतक उलटल्यावरही खोलीतली माणसं त्या क्षणी एकमेकांकडे पाहून हसतात. एकट्यानं ऐकताना हे सुख मिळत नाही. शेजारच्याच्या चेहऱ्यावर तो आनंद उमटताना दिसावा लागतो.

मग वाद सुरू होतात. आमच्या मंडळींत सर्वांत जास्त वाद कशावर झाला असेल तर तो गतीवर. आपण सरसकट ‘७८ गतीच्या’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या ७८ नं कापलेल्या नाहीत. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी कापलेली तबकडी ७८ नं वाजवली, तर गाणं जवळजवळ एका पट्टीनं वर चढतं. पांढरी एकचा गायक काळी एकमध्ये गाऊ लागतो, तान प्रत्यक्षापेक्षा चपळ वाटते आणि गळा पातळ होतो. अमुक गवई फार उंच गायचे, त्यांची तान विजेसारखी होती, अशा आख्यायिका कधी कधी केवळ वेगामुळे जन्माला आलेल्या असू शकतात. खरी पट्टी ठरवायची कशी? पेटीच्या सुरांवरून अंदाज बांधायचा, त्याच गायकाच्या इतर तबकड्यांशी ताडून पाहायचं, प्रत्यक्ष ऐकलेला कुणी हयात असेल तर त्याला विचारायचं. एकाच तबकडीच्या तीन जणांकडे तीन प्रती असल्या आणि तिघं एका खोलीत असले, तरच हे जमतं. एकट्या संग्राहकाला आपली तबकडी चुकीच्या गतीनं वाजतेय हे आयुष्यभर कळत नाही. संस्थेनं आम्हाला दिलेल्या गोष्टींत मी ही फार वरची मानतो : ऐकलेलं दुसऱ्याच्या कानावरून तपासून घेण्याची सवय.

या बैठका मुंबईपुरत्या राहिल्या नाहीत. सोलापूर, नांदेड, तुळजापूर अशा गावांतल्या रसिकांपर्यंत हे लोण गेलं. त्या गावांचं एक वैशिष्ट्य होतं. नाटक कंपन्यांचे मुक्काम, जत्रा आणि सुखवस्तू घरं यांमुळे तिथल्या वाड्यांत जे जमलेलं होतं, ते मुंबईच्या बाजारात कधी आलंच नव्हतं. नाट्यपदं, कीर्तनं, लावण्या, पोवाडे, विनोदी संवाद. शास्त्रीय संगीताच्या नादात आम्ही ज्या तबकड्यांकडे पाठ फिरवली असती, त्या या मंडळींनी आवर्जून ऐकवल्या.

१९९१ च्या आरंभी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे संस्थेचं नियतकालिक निघालं. सुरुवातीला त्रैमासिक, पुढे वार्षिक. आपल्या संस्थेचं सर्वांत मोठं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी बैठकांआधी या अंकांचं नाव घेईन. बैठकीत वीस-तीस माणसं बसतात, आणि उठली की ऐकलेलं विरून जातं. अंक मात्र टपालानं गेला, परदेशातही गेला. त्यात कलाकारांवर लेख असत, कंपन्यांचे इतिहास असत, आणि आकड्यांचे रकानेच्या रकाने असत. हे रकाने कुणाला रूक्ष वाटतील. पण एखाद्या गायिकेच्या यादीत दोन क्रमांकांच्या मध्ये रिकामी जागा दिसली, की कुठल्या तरी गावात कुणी तरी उठून कपाट उघडतो आणि म्हणतो, ही माझ्याकडे आहे. यादीनं माणसाला बोलतं करण्याची ही किमया मी पुनःपुन्हा पाहिली आहे. चांदवणकरांनी ‘वंदे मातरम्’च्या तबकड्यांचा असाच पाठपुरावा केला. किती चाली, किती गायक, किती कंपन्या! एका गीताच्या निमित्तानं स्वातंत्र्यचळवळीचा आणि ध्वनिमुद्रणाचा इतिहास एकाच धाग्यात ओवला गेला. किन्नियर यांचं ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या भारतीय मुद्रणांवरचं पुस्तक १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं काढलं, तेव्हा त्याचं मोल जाणणारा वाचक इथं तयार होता. ‘रेकॉर्ड न्यूज’चे अंक आता शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत कुणालाही वाचता येतात.

आता शिफारशींबद्दल. नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्यांदा काय ऐकवावं, यावर आमचं एकमत कधीच झालं नाही आणि होऊही नये. नाटकवेडे बालगंधर्वांपासून हलत नाहीत. काही जण अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘ओडियन’ कंपनीची तबकडी लावतात, कारण तो सूर नवख्यालाही लगेच धरतो. मी जोहराबाई आग्रेवालीकडे वळवतो. १९०८ ते १९११ या काळातलं हे मुद्रण. मायक्रोफोन नव्हता, गायिकेनं कर्ण्याच्या तोंडाशी गायचं, आणि तीन-सव्वातीन मिनिटांत रागाचं रूप, बंदिश, तान सगळं आलं पाहिजे. जोहराबाईंच्या गाण्यात ही घाई कुठंच जाणवत नाही. फैयाज खाँ आणि बडे गुलाम अली खाँ यांच्यासारख्या गवयांनी त्यांना मानलं, यातच सगळं आलं. पहिल्या ऐकण्यात खरखरच जास्त ऐकू येते. दुसऱ्यांदा लावा, तिसऱ्यांदा लावा. कान खरखर बाजूला सारायला शिकतो, हा माझा अनुभव आहे.

लाँग प्लेवाले सभासद ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. १९६७ ची ही तबकडी. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहीर भैरवपासून रात्रीच्या पहाडीपर्यंत रागांतून उलगडत जातो. ती काढणारे एचएमव्हीचे गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, आपल्याला भावगीत गायक म्हणून आधीच ठाऊक होते. ज्या घरांत शास्त्रीय संगीताचं नाव काढलं की माणसं उठून जायची, त्या घरांत ही तबकडी शिरली ती मित्रानं मित्राला दिल्यामुळे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये ऐकण्यासाठी छोट्या खोल्या असायच्या. तिथं उभं राहून एक बाजू ऐकायची आणि मग खिसा चाचपायचा. ते दुकान २०१६ साली बंद झालं, त्या दिवसांत आमच्यातल्या पुष्कळांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं.

पण शिफारस म्हणजे काय ते सांगायला मला केसरबाई केरकरांच्या तबकडीएवढं मोठं उदाहरण माहीत नाही. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. खाँसाहेबांच्या गळ्याची एकही तबकडी आपल्याला उपलब्ध नाही, त्यामुळे शिष्यांच्या तबकड्यांना दुप्पट मोल. आणि केसरबाईंना तर मुद्रणाची नावड, म्हणून त्यांच्या तबकड्याही मोजक्या. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचं संगीत पाठवायचं ठरलं, तेव्हा रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीत-अभ्यासकानं केसरबाईंच्या भैरवीचा, ‘जात कहाँ हो’चा, आग्रह धरला. तबकडी बाजारात मिळेना. शेवटी हे संगीत निवडणाऱ्या गटातल्या अॅन ड्रुयान यांना न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात, तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. त्यांना तिन्ही कशाला हव्यात हे दुकानदाराला कळेना. आमच्या मंडळींना ते ऐकताक्षणी कळतं! साडेतीन मिनिटांची ती भैरवी त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात दोन यानांमधून निघाली, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. एका रसिकानं मनापासून सांगितलं, दुसऱ्यानं विश्वास ठेवून शोधलं. हीच गोष्ट आपण दर बैठकीत लहान प्रमाणावर करत आलो.

नंतरच्या वर्षांतलं मोठं काम म्हणजे ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून, चांदवणकरांच्या पुढाकारानं झालेलं दोन लेबलांचं जतन. एक ‘यंग इंडिया’. ही मुंबईची स्वदेशी कंपनी, १९३५ ते १९५५ या काळातली. एचएमव्हीच्या दारात ज्यांना जागा नव्हती अशा हौशी, होतकरू गायकांना तिनं संधी दिली. त्यांतले पुष्कळ पुढे विस्मरणात गेले आणि त्या तबकड्या पुन्हा निघाल्या नाहीत. दुसरं ‘ओडियन’. ही मूळची जर्मन कंपनी, १९१२ ते १९३८ च्या दरम्यान तिनं इथं दोन टप्प्यांत मुद्रणं काढली आणि युद्धाच्या छायेत तिचा इथला कारभार आटोपला. या दोन्ही कंपन्यांचं जे उरलं होतं ते कुठल्या सरकारी दालनात नव्हतं, ते खासगी संग्राहकांच्या घरांत होतं. ज्या माणसांनी कधी काळी लेबल छातीकडे धरलं होतं, त्याच जातकुळीच्या माणसांनी आपल्या तबकड्या डिजिटल प्रतीसाठी काढून दिल्या. ते आवाज जगात कुणालाही ऐकण्यासाठी खुले झाले. संस्थेच्या सगळ्या वाटचालीत मला या घटनेचा सर्वांत अधिक अभिमान आहे.

डिजिटल प्रत झाली म्हणजे मूळ तबकडीची गरज संपली, असं काही तरुण मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. उद्या ध्वनी वाचण्याचं यंत्र सुधारेल, आज ठरवलेली गती चुकीची निघेल, तेव्हा पुन्हा मूळ खाचेकडेच जावं लागेल. शिवाय पहिल्या पिढीतले संग्राहक आता थकले आहेत, काही आपल्यात नाहीत. त्यांच्या मुलांपुढे प्रश्न आहे की या कपाटाचं करायचं काय. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. घर रिकामं करताना तबकड्या निघाल्या, तर त्या आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. पाण्याचा किंवा स्पिरिटचा हात लावू नका. स्पिरिटनं लाख विरघळते. पाकिटावर जुन्या हातानं काही लिहिलेलं असेल तर ते पाकीट फेकू नका. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी लेबलवरचं नाव, त्यावरचा क्रमांक, आणि लेबलाच्या कडेला तबकडीतच ठसवलेला दुसरा बारीक क्रमांक, एवढं एका कागदावर उतरवून संस्थेला कळवा. तबकडी तडकलेली असली तरी कळवा. याद्यांत अजून पुष्कळ जागा रिकाम्या आहेत.